शांत वस्ती, पण कुणासाठी शांत?

मंडळी, पोस्ट लांब आहे. राग येईल असंही काही आहे. तरी शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

कोथरूडमधल्या जागेची कुठलीही जाहिरात उघडा. डहाणूकर असो, मयूर कॉलनी असो, आयडियल असो की भुसारी. 'शांत परिसर' हे शब्द असतातच. त्या दोन शब्दांचे पैसे आपण मोजलेत, चौरस फुटाच्या भावात. पण ही शांतता आपण मिळवली कशी, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मी सांगतो कशी मिळवली. ज्यांना गप्प करणं सोपं होतं, त्यांना गप्प केलं.

सोसायटीच्या गेटवरची पाटी वाचा. 'फेरीवाले व विक्रेते यांना सक्त मनाई.' पूर्वी सकाळी भाजीवाल्या मावशींची हाक यायची, भंगारवाल्याची यायची, दुपारी चाकूला धार लावणारा यायचा. त्यांची हाक म्हणजे आपल्याला 'आवाज'. गेले सगळे. आता भाजी ॲपवरून येते, आणि ती आणणाऱ्या पोराला आपण मेन लिफ्ट वापरू देत नाही.

दुसरी पाटी : 'आवारात क्रिकेट, फुटबॉल खेळण्यास मनाई.' बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, मोकळे प्लॉट संपले, उरलेल्या मोकळ्या जागेत पार्किंग झालं. मुलांनी खेळायचं कुठे? मैदान लांब, रस्त्यावर गाड्या. मग ती मोबाईल घेऊन घरात बसतात आणि आपणच म्हणतो, 'हल्लीची मुलं बाहेर खेळत नाहीत हो.' अहो, तुम्हीच पाटी लावलीत ना?

तिसरी गोष्ट पाटीवर नसते, कमिटीच्या मीटिंगमध्ये असते. 'बॅचलर्सना जागा देऊ नका, गोंगाट करतात.' पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणायचं आणि शिकायला आलेल्या पोराला शांततेच्या नावाखाली दार लावायचं.

आता दुसरी बाजू बघा. गणपतीत स्पीकरच्या भिंती येतात. काच थरथरते, आजोबांच्या छातीत धडधड होते, तान्हं बाळ दचकून उठतं. कुणी बोललं? दहीहंडीला बोललं? कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो आणि रात्री बारा वाजता फटाक्यांची माळ लागते, तेव्हा? शेजारच्या रीडेव्हलपमेंटच्या साइटवर रात्री साडेअकराला काँक्रीटचे ट्रक घरघरतात, तेव्हा? तेव्हा आपण खिडकी लावून घेतो, कानात कापूस घालतो आणि ग्रुपवर एक हात जोडलेला इमोजी टाकतो.

म्हणजे भाजीवालीचा आवाज सहन होत नाही आणि डीजेचा होतो. हे कानांचं गणित नाही, हे हिमतीचं गणित आहे. मावशी उलट बोलणार नाही, म्हणून तिला पाटी. मंडळाचा कार्यकर्ता उलट बोलेल, म्हणून त्याला वर्गणी.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय आपल्याकडे कुणी ऐकत नाही. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75, यातला जो आकडा कमी त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे आपल्या भागात दिवसाउजेडी 65. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं मोजमाप घेतात. तिथले अलीकडचे आकडे शंभरच्या आसपास असतात.

65 आणि 95 मध्ये फरक 'फक्त तीस'चा वाटतो ना? डेसिबलची पट्टी साधी नसते. दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. तीस वाढले की हजारपट. परवानगी एकाची आणि वाजतं हजार. लग्नात शंभर पानांची परवानगी घेऊन लाख माणसं जेवायला बसवली, तर आपण मोजणार नाही का?

बांधकामाबद्दलही नियम स्पष्ट आहे. 2010 च्या दुरुस्तीनुसार निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत, रात्री फटाके वाजवता येत नाहीत, आणीबाणी सोडून हॉर्नसुद्धा वाजवता येत नाही. किती सोसायट्यांनी बिल्डरशी करार करताना कामाच्या वेळा लिहून घेतल्या? कार्पेट एरियासाठी सहा महिने घासाघीस होते, झोपेसाठी एक ओळ नाही.

आता नेहमीचा प्रश्न येईल. 'आमच्याच सणांना का बोलता? भोंग्यांबद्दल बोला की.' बोलतो. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. ती तक्रार मशिदी आणि मदरशांवरच्या भोंग्यांचीच होती. न्यायालयाने सांगितलं, लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. 'कुठल्याही' हा शब्द नीट वाचा. त्यात भोंगा आला, मांडव आला, जयंतीची मिरवणूक आली आणि वरातही आली. दुसऱ्याच्या आवाजापुरता कायदा आठवत असेल, तर तुम्हाला शांतता नको आहे, भांडण हवं आहे.

दुसरा मुद्दा : 'वर्षातून दहा दिवसांचा तर प्रश्न.' सणांसाठी सवलत आहेच. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत लाउडस्पीकरला परवानगी देता येते. पण ती सवलत वेळेची आहे. आवाजाची मर्यादा त्या दिवशीही सुटत नाही. आणि खरं सांगा, दहाच दिवस आहेत का? गणपती, दहीहंडी, नवरात्र, जयंत्या, लग्नसराई, वाढदिवस, निवडणुका. मोजा एकदा.

तिसरा मुद्दा खरा आहे आणि तो मी हलका करत नाही. भीती. तक्रार केली की नाव बाहेर फुटतं आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर ओरखडा. त्याच निकालात यावरही सांगितलं आहे : तक्रार आली की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख पडताळत न बसता कारवाई करावी, आणि नाव कळलंच तर ते समोरच्याला सांगू नये. हे तोंडपाठ करा. फोनवर 'तुमचं नाव सांगा' असं म्हटलं, तर शांतपणे या निकालाची आठवण करून द्या.

आणि एकट्याने कशाला करायचं? पार्किंगच्या भांडणात आपण वीस सह्या एका संध्याकाळी जमवतो. तशाच या कामाला जमवा. कमिटीच्या लेटरहेडवर, गणपतीच्या महिनाभर आधी, मंडळाला आणि पोलीस ठाण्याला एकच पत्र द्या. वर्गणी द्यायचीच आहे, तर ती देताना विचारा : यंदा स्पीकरची भिंत आहे का? असेल तर पावती फाडू नका. मंडळातली पोरंही आपल्याच बिल्डिंगमधली आहेत, त्यांच्या आयाही रात्रभर जाग्याच असतात.

पण हे करण्याआधी गेटवरची ती पहिली पाटी काढा. मावशींना सकाळी दोन तास आत येऊ द्या. मुलांना संध्याकाळी पाच ते सात खेळू द्या. एखादी काच फुटेल, फुटू दे, वर्गणी काढून बसवू. कारण ज्या वस्तीत मुलांचा आवाज बंद आणि डीजे चालू, ती शांत नाही. ती घाबरलेली आहे.

पटलं तर आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, उत्तर देईन. फक्त हात जोडलेला इमोजी टाकू नका.