फावल्या वेळचे उद्योग : डिझेल इंजिनाची प्रतिकृति

ता. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीड व अहिल्यानगर यांमध्यें प्रवासी गाडी सुरू झाली आणि बीड शहराची पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतीक्षा संपली. त्याच जिल्ह्यांतील परळी वैजनाथास मात्र आगगाडी निजामाच्या अमदानीपासून येत आली. तेथें ज्यांचें बालपण गेलें, त्यांनीं आधीं वाफेचीं व मागाहून डिझेलचीं इंजिनें डोळे भरून पाहिलीं आहेत. आतां विजेच्या इंजिनांनीं डिझेलची जागा बहुतेक ठिकाणीं घेतली आहे. अशा वेळीं घरांतील मुलांनीं डिझेल इंजिनाची प्रतिकृति करावयास घेतली, तर तो केवळ खेळ राहात नाहीं. एका जाणाऱ्या यंत्राची ती नोंद होते.

नमुन्यासाठीं ‘डब्ल्यू. डी. एम. २’ हें इंजिन घ्यावें. १९६२ सालीं तें अमेरिकेहून आलें. १९६४ पासून वाराणसीस तयार होऊं लागलें. त्याची शक्ति २६०० अश्वशक्ति व लांबी सुमारें १७ मीटर. एकास ८७ या प्रमाणांत तें साडेएकोणीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर होतें. बाजारांत या प्रमाणाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे मिळतात. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या रुंद मार्गास खरें पाहतां सव्वाएकोणीस हवेत. ही तडजोड बहुतेक हौशी लोक पत्करतात.

बाजारी प्रतिकृतींत हातधरण्या पुष्कळदां अंगाबरोबरच ओतलेल्या असतात. त्या धारदार पात्यानें हलकेच खरवडून काढाव्यात. खरा दांडा २५ मिलिमीटर जाड धरला, तर आपल्या प्रमाणांत तो जेमतेम ०·३ मिलिमीटर येतो. तेवढीच पितळी तार घ्यावी. हातानें फिरवावयाच्या बारीक गिरमिटानें आधीं भोकें पाडावींत, मग तार वांकवावी. तार व अंग यांच्यामध्यें जाड कागदाची पट्टी ठेवून चिकटवणाचा थेंब सुईच्या टोकानें सोडावा, म्हणजे सगळ्या दांड्या सारख्या अंतरावर बसतात. घरांत भरतकाम करणारे हात असतील, तर हें काम त्यांच्याकडे द्यावें. तितकी स्थिर बोटें इतरांस क्वचितच असतात. रंगाचे थर पातळ द्यावेत. जाड थराखालीं बारकावे बुजून जातात.

येथपर्यंत कौशल्य पुरतें. पुढें चौकशी लागते. ‘डब्ल्यू. डी. एम. २’ जातीचीं इंजिनें अडीच हजारांहून अधिक झालीं, पण दोन इंजिनें हुबेहूब सारखीं नसत. जुन्या इंजिनाच्या तोंडाशीं निर्वात ब्रेकची जाड नळी असे; पुढें अनेकांस हवेच्या ब्रेकच्या नळ्याही जोडण्यांत आल्या. तेव्हां कोणती नळी लावावी, हें कोणतें इंजिन व कोणतें वर्ष यांवर ठरतें. धुराड्याभोंवतीं काजळी किती आणि चाकांजवळ ब्रेकच्या लोखंडाचा तांबूस कीस किती, हेंही तसेंच. म्हणून बारकाव्यांची गर्दी करण्याआधीं एकच इंजिन निवडावें व त्याचीं छायाचित्रें गोळा करावींत. ज्याचा पुरावा मिळत नाहीं, तें लावूं नये; अंदाजानें बसविलेल्या दहा नळ्यांपेक्षां खात्रीची एक बरी.

पुण्यास गेल्यास कोथरूड भागांतील जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय मुलांस अवश्य दाखवावें. तें १९९८ पासून आहे. चालत्या गाडींत, हातभर अंतरावरून, कोणता बारकावा डोळ्यांत भरतो व कोणता दिसतही नाहीं, हें तेथें आपोआप समजतें.

मात्र सर्वांत मोलाची माहिती छायाचित्रांत सांपडत नाहीं. चाकांखालीं वाळू सोडणारी नळी कोठें असे, पावसांत कोणतें दार आंत पाणी घेई, हें इंजिन चालविणाऱ्यास व दुरुस्त करणाऱ्यासच ठाऊक. असे निवृत्त गृहस्थ परळीसारख्या प्रत्येक जंक्शनाच्या गांवीं आहेत, आणि त्यांचीं वयें होत चाललीं आहेत. मुलांनीं वही घेऊन त्यांच्याकडे जावें. काम पुरें झाल्यावर प्रतिकृतीच्या फळीखालीं इंजिनाचा क्रमांक, वर्ष आणि माहिती देणाऱ्याचें नांव लिहून ठेवावें.