चाहत्यांची यादी लांब, मागणी मात्र एकच!



ग्राहकाचं ऐका, हे आपण प्रत्येक व्हिडिओत बोलतो. पण ग्राहक एकदम वीस गोष्टी मागायला लागला तर? आज त्याचं उदाहरण क्रिकेटमधूनच घेऊ.

क्रिकेट मॅनेजमेंट गेममध्ये बॅट आपण फिरवत नाही. संघ निवडायचा, फील्ड लावायची, गोलंदाज बदलायचा, म्हणजे डोकं आपलं आणि घाम खेळाडूंचा. 1998 साली ब्रिटनमध्ये 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' आला. चाइल्डिश थिंग्ज या छोट्या कंपनीने ती मालिका 'क्रिकेट कॅप्टन' नावाने आजही चालू ठेवली आहे. आपल्याकडे हैदराबादच्या 'हिटविकेट'ने मोबाइलवर असाच डाव मांडला.

अशा गेमचे चाहते साधारण काय मागतात बघा:

• आयपीएलसारखा खराखुरा लिलाव. 2025 च्या मोठ्या लिलावात, कायम ठेवलेल्या खेळाडूंचा खर्च धरून, प्रत्येक संघाची एकूण मर्यादा 120 कोटी होती आणि संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू, त्यात परदेशी फक्त 8. एका खेळाडूवर 27 कोटी लावले की बाकीच्यांसाठी हात आखडता घ्यावाच लागतो. ही ओढाताण गेममध्ये जाणवली पाहिजे.
• थकवा आणि दुखापत. वेगवान गोलंदाजाला सलग राबवलं तर त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे.
• खेळपट्टी आणि दव. टॉस जिंकून काय घ्यायचं, याला अर्थ हवा.
• प्रशिक्षक आणि नवे खेळाडू शोधणारी माणसं.
• खेळाडूंचे फोटो, खरी नावं, खऱ्या जर्सी, चांगलं थ्रीडी चित्रण.

आता माझं स्पष्ट मत. हातात पैसा मोजका असेल तर शेवटची मागणी शेवटीच ठेवावी. पहिल्या चार मागण्या वेगळ्या दिसतात, पण चाहता एकच सांगतोय: "माझ्या निर्णयाने काय फरक पडला, ते मला दिसू दे." स्पिनरला एका ओव्हरमध्ये 20 रन पडले. फील्ड चुकली, दव पडलं की नुसतं नशीब? गेमने हे सांगितलं नाही तर हरलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं. मग फोटो कितीही झकास असू दे!

तुम्ही म्हणाल, "सर, गिऱ्हाईक दिसण्यावरच येतं ना?" येतं, मान्य. पण टिकतं भरवशावर. त्यात नावं आणि जर्सीचे हक्क विकत घ्यावे लागतात, आणि छोट्या कंपनीची तिजोरी तिथेच रिकामी होते.

सगळं एकदम बदलायला जाणंही महागात पडतं. फुटबॉलमधला 'फुटबॉल मॅनेजर' हा या प्रकारातला दादा गेम. 2025 च्या आवृत्तीसाठी त्यांनी नवीन इंजिन घेतलं, काम लांबत गेलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती आवृत्ती रद्दच केली. आगाऊ पैसे भरलेल्यांना ते परत मिळाले. पुढची आवृत्ती आली नोव्हेंबर 2025 मध्ये. कच्चा माल विकला नाही, हे मला आवडलं. पण त्यांच्या मागे सेगासारखी मोठी कंपनी होती. तुमच्या-माझ्या मागे कोण आहे? म्हणून आपण एका वेळी एकच गोष्ट सुधारायची.

डब्याचा व्यवसाय घ्या. ग्राहक म्हणतो ॲप काढा, मेसेज टाका, डिलिव्हरीचा मुलगा बदला. तिन्हीच्या मागे एकच काळजी आहे: "डबा किती वाजता येणार, कळत नाही." ॲपवर लाखभर घालण्याआधी वेळ पाळा आणि उशीर होणार असेल तर आधी फोन करा. निम्मी यादी तिथेच मिटेल.

आजचा गृहपाठ: शेवटच्या दहा तक्रारी वहीत लिहा. प्रत्येकीपुढे "हे का मागतोय?" याचं उत्तर लिहा. जे उत्तर सगळ्यात जास्त वेळा येईल, त्याच्यावरच पुढचा महिना काम करा. बाकीची यादी फाडू नका, जपून ठेवा. तिचाही नंबर येईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!