शनिवारचे मासे

मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. कौले उडाली, माड मोडले, होड्या फुटल्या. पुढे कित्येक दिवस एकच वाक्य कानी येत होते : लोकांची पापे वाढली, म्हणून देवाने हे दाखवले. असे म्हणणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्तीही होते. (एरवी आपले इतके एकमत कशावर होते?) गंमत अशी की हे पाप नेहमी पलीकडच्या वाडीतले असे. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या घरातले कधीच नसे.

मी मुसलमान असल्यामुळे, तुमच्या धर्मात याविषयी काय सांगितले आहे, असे मित्र मला विचारतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

माणसाचे आचरण आणि त्याच्या वाट्याला येणारी कृपा वा आपत्ती यांचा संबंध कुराणाने जोडला आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. सातव्या अध्यायातील 96 व्या आयतीचा आशय असा : वस्त्यांतील लोक श्रद्धा ठेवून जपून वागले असते, तर आकाशातील व जमिनीवरील बरकत त्यांच्यासाठी खुली झाली असती. तिसाव्या अध्यायातील 41 वी आयत तर समुद्राचे नावच घेते. जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड माजला, तो माणसांच्या हातांनी केलेल्या कमाईमुळे. त्या कमाईची थोडी चव त्यांना दिली जाते, ती त्यांनी माघारी वळावे म्हणून. येथे सूड घेण्याची भाषा नाही, परत बोलावण्याची आहे.

पण तेच कुराण दुसऱ्या अध्यायात सांगते की भीती, भूक, धनाची, जिवांची आणि पिकांची हानी यांनी माणसांची परीक्षा घेतली जाईल, आणि जे धीर धरतील त्यांना शुभवार्ता आहे. हजरत अय्यूब हे तर पैगंबर. त्यांच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले, ते काय पापामुळे? तेव्हा ज्याची होडी फुटली त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार हा धर्म कोणालाही देत नाही. हजरत आयेशा यांनी सांगितलेली एक आठवण हदीसच्या ग्रंथांत आहे. आभाळ भरून आले की पैगंबरांचा चेहरा उतरे. ते आत-बाहेर येरझारा घालत, पाऊस पडू लागला की मगच स्वस्थ होत. आद नावाच्या लोकांनी असाच ढग पाहून पाऊस आला म्हणून आनंद मानला होता आणि त्यातून त्यांचा विनाश आला, ही त्यांना धास्ती. ज्यांनी हा धर्म सांगितला ते वारा सुटला की स्वतःविषयी घाबरत, आणि आपण मात्र शेजाऱ्याचा हिशेब काढत बसतो!

मला या विषयात सर्वांत जवळची वाटते ती सातव्या अध्यायातीलच एक कथा, कारण ती मासेमारीची आहे. समुद्रकाठी एक गाव होते. शनिवारी मासे धरायचे नाहीत, असा तेथील लोकांना नियम होता. नेमके शनिवारीच मासे झुंडीने वर येत, इतर दिवशी दिसत नसत. मग काहींनी युक्ती काढली. भाष्यकार सांगतात, शुक्रवारी जाळी लावून ठेवायची आणि रविवारी ओढायची. नियमही मोडला नाही, मासेही मिळाले. गावात दुसरे काही होते, ते या लोकांना अडवत. आणि तिसरे होते, ते अडवणाऱ्यांनाच म्हणत, कशाला त्यांना उपदेश करता?

मालवणच्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागू नये. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटण्याची रीत जुनी. कायद्यानेही 2015 पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी 1 जून ते 31 जुलै हा 61 दिवसांचा बंदीकाळ ठरवला. 2016 साली राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर कडक बंधने घातली. 2017 साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करण्यास बंदी केली. आणि युक्त्या? त्या त्या गावातल्यासारख्याच. कागदोपत्री जाळे एक, नौकेवर दुसरे. दिवे बंदरात विझलेले, खोल समुद्रात पेटलेले.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून चालणार नाही. चुकतो एक, भोगतो दुसरा. दिवे लावणाऱ्याची नौका भरून जाते. आणि इकडे किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात, तासन्‌तास दोर ओढून, पाटीभर तारली. हा कुठला न्याय? कुराणाच्या आठव्या अध्यायात यावर इशारा आहे, दिलासा नव्हे : अशा संकटाला भ्या, जे केवळ अपराध्यांपुरते राहणार नाही. पैगंबरांनी एक दृष्टान्त दिला होता. एका जहाजात काही वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी सारखे वर यावे लागे. ते म्हणाले, आपल्याच भागात एक भोक पाडू, वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील. हात धरला तर सगळेच वाचतील. म्हणून दैवी कोप आणि माणसांची बेपर्वाई या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. भोक पडल्यावर पाणी आत येते, त्यासाठी निराळा चमत्कार लागत नाही.

बरकत म्हणजे ढीग, असाही आपला एक समज आहे. विकणारा आणि घेणारा खरे बोलले, मालातले वैगुण्य उघड केले, तर त्या सौद्यात बरकत येते. लपवले तर ती पुसली जाते, असे हदीस आहे. रापणीत दोर ओढणाऱ्याला वाटा असतो. चार पाट्या मिळाल्या तरी त्या अनेक चुलींपर्यंत जातात. याला मी बरकत म्हणेन.

त्या गावाचे पुढे काय झाले? अडवणारे वाचले, युक्तिबाज पकडले गेले, एवढे कुराण सांगते. तिसऱ्या गटाविषयी ते काही बोलत नाही. इब्न अब्बास हे थोर भाष्यकार ही आयत वाचून रडले, कारण या गप्प बसलेल्यांचे काय झाले ते त्यांना उमगेना. त्यांचे शिष्य इक्रिमा यांनी त्यांची समजूत घातली की त्यांनाही ते कृत्य नापसंत होते, म्हणून तेही वाचले असणार. समजूत पटून त्यांनी शिष्याला वस्त्र भेट दिले, असे सांगतात. शिष्याचा युक्तिवाद चांगला आहे. पण मला ते अश्रूच अधिक खरे वाटतात. बाजारात बोटभर लांबीचे बांगडे स्वस्त लागले की आपण पिशवी पुढे करतो, ते कोणत्या जाळ्यातले हे विचारत नाही.