सभेत गप्प बसतात म्हणजे संमती आहे असं नाही

मंडळी, सप्टेंबर संपत आलाय. ३० तारखेच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे सध्या दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. मी बोलका माणूस, माईक नसला तरी माझं अडत नाही. आज माझ्यासारख्याच बोलक्यांशी बोलायचंय.

सभेला चाळीस जण येतात, बोलतात सहा. दरवर्षी तेच सहा. बाकीचे सही करतात, चहा-वेफर्स घेतात, घरी जातात. मग इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलं जातं आणि मागे म्हटलं जातं, "त्यांना सोसायटीचं काही पडलेलं नाही." मला हे अजिबात पटत नाही. सभेत तोंड न उघडणारा तिसऱ्या मजल्यावरचा माणूसच पाण्याचा व्हॉल्व्ह बिघडला की गाजावाजा न करता प्लंबर घेऊन येतो. प्रत्येक बिल्डिंगमध्ये असा एक तरी असतोच, बघा आठवून.

अबोल माणूस आधी ऐकतो, मनात घोळवतो, मग बोलतो. आपण बोलता बोलता विचार करतो. त्याचं वाक्य तयार होईपर्यंत आपला ठराव मंजूर झालेला असतो. कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी पुस्तकात मांडली, तेव्हा त्यानेही अंतर्मुखांना आजारी ठरवलं नव्हतं. आपण मात्र सरळ शिष्ट म्हणून मोकळे होतो.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे भर सभेत, "काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत, बोला की!" सगळ्या माना वळतात. काका म्हणतात, "सगळ्यांचं बरोबर आहे." पुढच्या वर्षी काका येतच नाहीत.

त्यापेक्षा सभेच्या चार दिवस आधी जिन्यात गाठा, नाहीतर दार वाजवा. एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. (हे आपल्याला फार जड जातं, माहितीये.) उत्तर लगेच आलं नाही तर मध्ये आपलं मत घुसडू नका. "सावकाश सांगा, मेसेज केलात तरी चालेल," म्हणा आणि निघा. मेसेजही ग्रुपवर नको, वेगळा करा. वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी द्यायची असतेच, तिच्यासोबत हिशेब आणि कोटेशनं जोडा. वाचून येणारे हेच लोक असतात. आकड्यातली चूकही बहुतेक त्यांनाच सापडते.

आणखी एक. टाकी धुताना, गणपतीची लायटिंग लावताना हाताला काम असलं की ही माणसं आपसूक बोलतात. फक्त त्यांनी खासगीत सांगितलेलं सभेत "काका असं म्हणाले" म्हणून जाहीर करू नका. आधी विचारा. एकदा का विश्वास गेला की दार बंदच.

मोठ्या सभेत सगळ्यांचा आवाज निघत नाही, हे सरकारलाही कळलंय. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे ती त्यासाठीच. (ती कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा वेगळ्या पोस्टचा विषय.) शहरातल्या सोसायटीला असं काही सुचू नये?

हे सगळं आत्ताच का? कारण आपल्या भागात निम्म्या बिल्डिंगांमध्ये पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. त्याला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. सहा बोलक्यांनी बिल्डर पसंत केला म्हणून घर रिकामं करायचं असतं सगळ्यांनाच. भाड्याचं घर शोधायचं, म्हातारी आई, मुलांची शाळा... ज्याच्या मनात ही भीती आहे तो हात वर करून सांगणार नाही.

आमची सभा येत्या रविवारी आहे. कोटेशनच्या झेरॉक्स काढल्यात, उद्यापासून रोज दोन मजले करतोय. तुमच्याकडे असं कुणी करतं का? कमेंटमध्ये लिहा. आणि कमेंट न करणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये लिहिलं तरी चालेल.