लिंबाचा आंबटपणा

लिंबाचे सरबत फार आंबट झाले, की गृहिणी त्यात आणखी दोन चमचे साखर घालते आणि घरातील मंडळी समाधानाने पेला रिकामा करतात. आंबटपणा नाहीसा झाला, अशी सर्वांची समजूत होते. वस्तुतः तो होता तेवढाच असतो. साखरेने केवळ जिभेची फसवणूक केलेली असते.

जिभेच्या साक्षीवर विसंबता येत नाही, म्हणून रसायनशास्त्रात आम्लता मोजण्याचे एक माप आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेनसेन यांनी १९०९ साली ते सुचविले. (ही प्रयोगशाळा एका मद्याच्या कारखान्याची होती, ही गंमतच!) इंग्रजीत त्यास पी-एच म्हणतात, मराठीत ‘सामू’ हे सुटसुटीत नाव रूढ आहे. द्रवात हायड्रोजनचे विद्युतभारित कण किती आहेत, ते या आकड्यावरून कळते. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा त्याहून कमी असेल तर द्रव आम्लधर्मी, अधिक असेल तर अल्कधर्मी.

मात्र या मोजपट्टीची रीत थोडी निराळी आहे. आकडा एकाने उतरला, की आम्लता दहापट वाढते. दुधाचा सामू साडेसहाच्या आसपास, संत्र्याच्या रसाचा साधारण साडेतीन ते चार आणि लिंबाचा दोन ते अडीच असतो. संत्र्याचा ४ व लिंबाचा २ धरला, तर लिंबाचा रस दुप्पट नव्हे, शंभरपट आम्लधर्मी ठरतो!

मग पाणी घातले तर? रसात दहापट पाणी मिसळले तरी सामू जेमतेम अर्ध्याने वाढतो. लिंबातील सायट्रिक आम्ल सौम्य जातीचे आहे. त्याचे थोडेच रेणू आपला हायड्रोजन सोडतात, बाकीचे राखून ठेवतात. पाणी वाढले, की हा राखीव साठा मोकळा होऊ लागतो.

घरी पडताळा पाहावयाचा असेल, तर तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवाव्यात. त्या जांभळट पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकताच ते लालभडक होते. धुण्याचा सोडा टाकल्यास हिरवट होते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

या आकड्यांशी आपल्या दातांचा निकटचा संबंध आहे. तोंडातील सामू साडेपाचाच्या खाली गेला, की दातांवरील कठीण कवच विरघळू लागते. सरबत तर तीनच्या आसपास असते, मग ते कितीही गोड लागो. नित्य सकाळी लिंबूपाणी घेऊन लगेच दात घासणारे लोक नेमके मऊ पडलेले कवचच खरवडून काढतात. लिंबूपाणी घोट घोट करीत तासभर पिऊ नये. प्याल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात घासावयाचे ते आधी घासावेत, नाहीतर निदान अर्धा तास थांबावे. तेवढ्या अवधीत लाळ आपले काम करते.