संसारयात्रेचे दप्तर

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘माझी संसारयात्रा’ असे आहे. ज्यांनी मराठी रियासत लिहिली, ज्यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तराचे ४५ खंड सिद्ध झाले, १९५७ साली ज्यांना पद्मभूषण मिळाले, त्या पुरुषाने स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सांगताना ‘साधना’, ‘तपस्या’ असला भारदस्त शब्द योजला नाही. संसार हा घरात वावरणारा, थोडासा मळकाच शब्द त्यांनी पसंत केला. आपणां बडोदेकरांना त्यात विशेष जिव्हाळा वाटावा, कारण या यात्रेतील ऐन उमेदीची वर्षे बडोद्याच्या नोकरीत गेली. १८८९ साली ते सयाजीराव महाराजांच्या पदरी वाचक म्हणून रुजू झाले, पुढे राजपुत्रांचे शिक्षक झाले, आणि त्या अध्यापनासाठी काढलेल्या टिपणांतून रियासतींचा जन्म झाला, हे सर्वश्रुत आहे.

त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्यातील पित्याविषयी. त्यांचा मुलगा श्यामकांत हा रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकला, उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला, आणि १९२५ साली ऐन तारुण्यात निवर्तला. त्याच वर्षी सरदेसाई सेवानिवृत्त झाले. ज्या वयात मनुष्य मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागतो, त्या वयात हा आघात! पुढे या पित्याने काय केले? मुलावर शोकगीत रचले नाही, की त्याच्या गुणांची यादी छापली नाही. त्याची पत्रे ‘श्यामकांताची पत्रे’ या नावाने पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. मुलगा कसा होता हे पित्याने सांगावयाचे नव्हे, मुलाच्या अक्षरांनीच ते सांगावे, हा त्यातील विवेक मला फार थोर वाटतो. जो हात पेशव्यांचे कागद निवडीत होता, त्याच हाताने घरचा हा लहानसा रुमालही सोडला.

एरव्हीही राजकारणाच्या कागदांतून घर डोकावतेच. सवाई माधवरावांनी विचारल्यावरून आजी गोपिकाबाईंनी त्यांना वागणुकीविषयी लेखी उपदेश पाठविला. आज तो इतिहासाचे साधन मानला जातो; लिहिताना ती नातवाची काळजी होती.

सरदेसायांचे परममित्र सर जदुनाथ सरकार. या मराठी व बंगाली गृहस्थांचा पत्रव्यवहार सुमारे अर्धशतक चालला. जदुनाथांचा थोरला मुलगा १९४७ साली कलकत्त्याच्या दंगलीच्या दिवसांत मारला गेला. दोघेही वृद्ध, दोघेही पुत्रशोकाने पोळलेले, आणि तरीही तिथींचा आणि हस्तलिखितांचा काथ्याकूट चालूच! यास कोणी कोरडेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. काही माणसांना दुःख हलके करण्यासाठी कामाचाच आधार लागतो, आणि मित्रही तसाच लागतो.

हे सारे आठवण्यास कारण घडले ते असे. अलीकडेच आमच्या परिचयातील एक शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ वारले. पोस्टात नोकरी, तीन अपत्ये, पुढाऱ्यांत किंवा सभा-समित्यांत कोठेही नाव नाही. वर्षश्राद्धाला एक स्मरणपुस्तिका काढावी असे मुलांच्या मनात आले आणि मजकूर शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला. ‘कै. बाबा प्रेमळ, शिस्तप्रिय, हसतमुख, परोपकारी व कुटुंबवत्सल होते.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. परंतु हे वाक्य गावातील कोणत्याही दिवंगत गृहस्थाच्या छायाचित्राखाली शोभले असते! मी चिरंजिवांना विचारले, “बाबा रविवारी सकाळी काय करीत?” ते घुटमळले. उत्तर आतून आईंनी दिले. “दोन पिशव्या घेऊन खंडेराव मार्केटात जात. एक आमची, एक वन्संची.” विधवा बहिणीची भाजी चाळीस वर्षे त्यांनी आधी निवडली, घरची मागाहून.

मग गोष्टी निघू लागल्या. पत्नीची दृष्टी अधू झाल्यावर ते रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत आणि निधनवार्ता मात्र गाळीत. परीक्षेच्या दिवसांत मुले जागत तोवर स्वतःही जागत, पण अभ्यासाविषयी चकार शब्द काढीत नसत. शेजारी बसून जुनी पाकिटे उलटी करून चिकटवीत. आणि माळ्यावर जमाखर्चाच्या वह्या होत्या, १९६२ पासूनच्या, सुतळीने बांधलेल्या. घराची रंगरंगोटी निघाली होती व त्या रद्दीवाल्याकडे जावयाच्या होत्या. दिवसही ठरला होता.

आम्ही त्यांतील काही वह्या जमिनीवर पसरून वाचल्या. ‘ताईस माहेरी आणणे, एस्टी भाडे.’ ‘धाकटीस चष्मा. रडली. पेढे चार.’ ‘सौ.स लुगडे, माझा कोट पुढील साली.’ पुढील सालची वही काढून पाहिली. कोट त्याही साली नव्हता. तिसऱ्या साली होता, आणि समोर कंसात ‘सौ.च्या आग्रहास्तव’ असे लिहिले होते. चिरंजीव स्वतः पन्नाशी ओलांडलेले. ती नोंद वाचून उठून गच्चीवर गेले, ते बऱ्याच वेळाने खाली आले.

पुस्तिकेतून विशेषणांचा तो परिच्छेद आता वगळला आहे. त्या जागी वह्यांतील नोंदी तारीखवार जशाच्या तशा छापावयाच्या आहेत. पेढ्यांची नोंद ठेवावी की नाही यावर भावंडांत थोडा वाद झाला, ती राहिली. रद्दीवाल्यास नुसती वर्तमानपत्रे दिली. वह्या थोरल्या सूनबाईंच्या कपाटात क्रमाने लावल्या आहेत. त्यांत १९८८ ची तेवढी नाही. त्या वर्षी धाकटीचे लग्न झाले. वही आपल्या घरी असल्याचे तिने कळविले आहे, आणि ती परत मिळणार नाही असेही.