डॉक्टरची भीती, पेशंटची अस्पृश्यता

मुकुटबनमध्ये ताप आला की माणूस यवतमाळला जात नाही, चौकातल्या दवाखान्यात जातो. झरी जामणी तालुक्यातला कोलाम शेतमजूर असो, कोळसा खाणीतला कंत्राटी कामगार असो की सिमेंट कारखान्यावर आलेला ट्रक ड्रायव्हर, त्याचा पहिला डॉक्टर गावातलाच असतो. अनेकदा बीएएमएस, बीएचएमएस. पण एचआयव्हीची सगळी सरकारी चर्चा या डॉक्टरला वगळून होते. पोस्टर सरकारी दवाखान्यात, प्रशिक्षण सरकारी कर्मचाऱ्यांना आणि १ डिसेंबरला शाळेच्या पोरांची रॅली. रिपोर्ट ज्याच्या टेबलावर पहिल्यांदा उघडतो, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

मग काय होते? महिनाभर ताप, वजन उतरलेले. डॉक्टर रक्ताच्या तपासण्यांत एचआयव्हीही लिहितो, पेशंटला न सांगता. लॅबचा कागद 'रिॲक्टिव्ह' म्हणतो. डॉक्टर बाहेर बसलेल्या भावाला आत बोलावतो आणि म्हणतो, "यांना यवतमाळला न्या." संध्याकाळी कंपाउंडरला ठाऊक, सकाळी वस्तीला ठाऊक. पेशंट मात्र यवतमाळला पोचतच नाही.

यातली प्रत्येक गोष्ट बेकायदा किंवा चुकीची आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करायची नाही, तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन द्यायचे, निकाल गुप्त ठेवायचा आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत, असे तो सांगतो. शिवाय एक 'रिॲक्टिव्ह' कागद म्हणजे निदान नव्हे. सरकारी आयसीटीसी केंद्रात तीन वेगवेगळ्या किटवर खात्री झाल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात, आणि तेही मोफत. एका कागदावर माणसाला 'एड्स झाला' सांगणारा डॉक्टर कायदाही मोडतो आणि वैद्यकशास्त्रही.

यावर ठरलेले उत्तर येते : "डॉक्टरलाही बायको-पोरं आहेत. सगळ्यांची टेस्ट केली तर बिघडले काय?" बिघडते ते असे. नुकतीच लागण झालेल्या माणसाची टेस्ट काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, आणि त्याच काळात रक्तात विषाणू भरपूर असतो. म्हणजे निगेटिव्ह कागद डॉक्टरला वाचवत नाही. वाचवतात ते प्रत्येक पेशंटसाठी वापरलेले हातमोजे आणि नीट टाकलेली सुई. सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, सुरू केलेल्या आणि २८ दिवस घेतलेल्या गोळ्या. दवाखान्यात काम करणाऱ्यांना हे संरक्षण मिळाले पाहिजे, असे हाच कायदा म्हणतो. आता सांगा, रात्री दहा वाजता सुई टोचलेल्या कंपाउंडरने ती गोळी कुठे मागायची? जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे, मग डॉक्टरांना उपदेश करावा.

म्हणजे डॉक्टर निर्दोष आहे का? नाही. भीती समजू शकतो, वेगळा बाक समजू शकत नाही. शेवटचा नंबर, केसपेपरवर लाल शाईची खूण, "तुमचा इलाज इथे होत नाही" ही भाषा आम्हाला नवी नाही. आमच्या आजोबांनी ती पाणवठ्यावर ऐकली आहे. संविधानाच्या कलम १७ ने जिला गाडले, ती विटाळाची कल्पना पांढरा कोट घालून परत येत असेल तर गप्प बसणे आम्हाला शोभत नाही. साऱ्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले होते. त्यांनी आधी त्याचा रिपोर्ट मागितला नव्हता. आणि या विटाळाची किंमत मोजतो कोण? पैसेवाला गुपचूप नागपूर गाठतो. मजुराची मजुरी बुडते, विधवेचे घर सुटते.

काही म्हणतात, सरकारी एआरटी आहे ना, मग खाजगी डॉक्टर कशाला? एआरटी २००४ पासून मोफत आहे. २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी पॉझिटिव्ह व्यक्तीला लगेच उपचार देण्याचे धोरण आहे. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून लागण होत नाही. पण गोळ्या जन्मभराच्या आहेत. उलट्या झाल्या, खोकला लागला, बीपी वाढले की माणूस पुन्हा चौकातल्याच दवाखान्यात येतो. तिथे दार बंद झाले की गोळ्याही सुटतात.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक खाजगी डॉक्टरला, बीएएमएस-बीएचएमएससह, आणि त्यांच्या कंपाउंडरला प्रशिक्षण द्या. आयसीटीसीच्या समुपदेशकाचा थेट फोन प्रत्येक दवाखान्यात असू द्या. सुई टोचल्यावरच्या गोळ्या तालुक्यातच, चोवीस तास ठेवा. पेशंटची संमती असेल तर एआरटी केंद्राने गावच्या डॉक्टरला कळवावे, म्हणजे पुढचे साधे आजार गावातच बघता येतील. आणखी एक. तक्रार अधिकारी नेमण्याची सक्ती तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आरोग्य संस्थांनाच आहे. एका डॉक्टरच्या दवाखान्यातला पेशंट मग लोकपालाकडेच जाऊ शकतो. त्या लोकपालाचे नाव-पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

तोवर वाचकांनी एवढे करावे : १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आपल्या डॉक्टरच्या टेबलावर लिहून ठेवा, आणि तपासणीआधी संमती घेतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

जय भीम!